पंधरा जोड्यांचा डेक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता माझे वडील मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात माझ्या बहिणीशी पहिला डाव खेळले आणि हरले. डाव सहा मिनिटे चालला. समोर मी आहे असे बहिणीला वाटत होते. समोर ती आहे हे वडिलांना माहीत होते. तिने त्यांच्याशी बोलणे सोडले त्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

पुढच्या चार महिन्यांतले काही मी स्वतः पाहिले, काही आईने सांगितले, काही बहिणीने. उरलेले खेळाच्या नोंदीत आहे. झालेला प्रत्येक डाव किती वाजता सुरू झाला आणि किती मिनिटे चालला, हे त्या खेळात साठून राहते.

वडिलांना त्या उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. झटका सौम्य होता. बोलणे आणि चालणे महिन्याभरात सुधारले, उजव्या हाताची बोटे मात्र हवी तिथे जात नव्हती. केजच्या व्यायामोपचाराच्या डॉक्टरांनी मऊ रबरी चेंडू दाबायला दिला होता. वडिलांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या नातवाला देऊन टाकला. बावीस वर्षे ऊसतोडीची टोळी चालवलेल्या मुकादमाने चेंडू दाबत ओट्यावर बसायचे, हे त्यांना पटले नाही. मी बीडला एका दैनिकात उपसंपादक आहे. मंगळवारी सुट्टी असते, तेव्हा गावी जातो. एका मंगळवारी मी माझा जुना मोबाइल नेला आणि त्यातला पत्त्यांचा खेळ त्यांना दाखवला. त्यात पत्ता बोटाने धरून पटावर ओढत न्यावा लागतो. डॉक्टरांना विचारले होते, चालेल, म्हणाले.

खेळ थोडक्यात असा. दोघांकडे प्रत्येकी तीस जीव आणि तीस-तीस पत्त्यांचा संच. संचाला खेळणारे डेक म्हणतात. हजारभर पत्त्यांतून आपले तीस आपणच निवडायचे. साधा पत्ता जास्तीत जास्त दोनदा घेता येतो. सोनेरी काठाचा पत्ता एकदाच. समोरच्याचे जीव संपले की डाव संपला.

खेळातले खाते माझे होते. माझ्या ओळखीच्या यादीत एकच माणूस होते, माझी बहीण. ती नाशिकला एका दवाखान्यात परिचारिका आहे. चार वर्षे आम्ही दोघे तिच्या चहाच्या सुट्टीत रोज एखादा डाव खेळत होतो. तिच्या खात्याला कोल्ह्याचे चित्र आहे. मोबाइल देताना मी वडिलांना सांगितले होते, "हा कोल्हा आला आणि खेळायचं का विचारलं, तर दाबू नका. ती ताई आहे. तिच्याशी मी माझ्या फोनवरून खेळेन."

वडील बरं म्हणाले होते.

पोळ्यानंतरच्या मंगळवारी मी नोंद उघडली, तर कोल्ह्याशी चार डाव झालेले. चारही हरलेले. सहा मिनिटे, पाच मिनिटे, सात, सहा. मी त्या आठवड्यात एकदाही खेळलो नव्हतो.

"आबा, हे कुणाशी खेळलात?"

आई आतून म्हणाली, "पोरीशी खेळत्यात. चार दिवस झाले. साडेतीन वाजले की च्या सुदिक घेत न्हाईत."

"तिला माहीत आहे?"

"कसं माहीत असंल? तिथं बोलता येतंय का?" वडील म्हणाले.

ते खरे होते. त्या खेळात समोरच्याशी बोलता येत नाही. सहा ठरलेली वाक्ये आहेत, त्यातले एक दाबायचे. नमस्कार, आभार, छान खेळलात, अशी. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. कुठले बटण कशाचे हे ठाऊक नसल्याने त्यांनी एकही दाबले नव्हते.

मी बहिणीला लगेच कळवायला हवे होते. कळवले नाही.

ती का बोलत नव्हती, ते इथे सांगणे भाग आहे. वीस वर्षांपूर्वी, ती नववीत असताना, हंगाम तोंडावर आला आणि आईचा पाय मोडला. मुकादमाच्या घरचे माणूस टोळीबरोबर असावे लागते. वडिलांनी बहिणीला नेले. कारखान्याच्या तळावर सहा महिने तिने वडिलांचा आणि ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरचा स्वयंपाक केला, टोळीतल्या बायका फडात गेल्या की त्यांची लहान पोरे सांभाळली. ती तळावरच्या झोपडीत असतानाच नववीची परीक्षा होऊन गेली. मी तेव्हा तिसरीत होतो. मला चुलतीकडे ठेवले होते. माझे वर्ष गेले नाही.

बहीण पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाली, मग बारावी, मग नर्सिंग. नोकरी लागली तेव्हा गावाने शाळेत तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. वडिलांना चार शब्द बोलायला सांगितले. ते म्हणाले, "लई हाल काढले, पण पोरीला मी शिकवली." टाळ्या वाजल्या. बहिणीने शाल काढून घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि ती घरी आली. त्या दिवसापासून तिचे फोन आईला येत, मला येत. दिवाळीला आली तर दोन दिवस राहून जाई. वडिलांशी ती बोलत नसे. भांडणही करत नसे. ताट वाढायची, पाणी द्यायची आणि गप्प असायची.

वडील त्या विषयावर कधी काही म्हणाले नाहीत. निदान माझ्यासमोर नाही.

त्या मंगळवारी ते म्हणाले, "सा मिनटात डाव सपतोय. लांबवायचा आसंल तर काय करावं लागतं?"

मी त्याचा अर्थ जिंकायचे असेल तर, असा घेतला.

मी त्यांना सांगितले की तुमच्या मोबाइलवर माझा डेक आहे आणि तो घाईचा आहे. स्वस्तातले लहान लहान पत्ते पटापट टाकायचे, समोरच्यावर तुटून पडायचे. ताईचाही तसाच आहे. चहाच्या सुट्टीत संपायला हवा म्हणून. दुसरी तऱ्हा संथ असते. समोरचा टाकेल ते एकेक मोडत जायचे, जखमा भरत जायचे, जगायचे. समोरच्याचा जोर ओसरला की शेवटी आपला एक मोठा पत्ता काढायचा आणि डाव मारायचा. याला कंट्रोल डेक म्हणतात.

"आन् त्यो किती चालतो?"

"वीस मिनिटं. कधी अर्धा तास."

"मंग त्योच भरू."

आम्ही ओट्यावर बसलो. मी एकेक पत्ता उघडून त्यावरचे इंग्रजी वाचायचो आणि तो काय करतो ते सांगायचो. वडील चित्र बघून त्याला नाव ठेवायचे. समोरच्याच्या पटावरचे सगळे एका दमात झोपवणारा पत्ता होता. त्याचे नाव गारपीट पडले. मार अडवणारी दगडी भिंत होती, ती बांध झाली. पांढऱ्या झग्यातली एक बाई पाच जीव भरून देते. वडिलांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि "सुईवाली" म्हणाले. संचातून आणखी दोन पत्ते हातात आणून देणारा एक म्हातारा होता, दाढीवाला. वडील म्हणाले, "ह्यो गावातला पुढारी दिसतोय."

"हा कामाचा आहे, आबा. हातात पत्ते नसतील तर संथ डेक चालत नाही."

"पुढाऱ्यानं कामाचं काही आणलेलं मी बगितलं न्हाई. पण घे."

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "कावून हासवता, खडे राहायलेत माझे."

निवडताना त्यांची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी होती. मी कंट्रोल डेक भरतो तेव्हा आधी शेवटचा मोठा पत्ता ठरवतो आणि मग त्याच्यापर्यंत जिवंत पोहोचायला काय लागेल ते बघतो. वडिलांनी आधी जखमा भरणारे घेतले. मग अडवणारे. मारणारे सगळ्यात शेवटी. मी कारण विचारले. त्यांनी टोळीचे उदाहरण दिले. टोळी भरताना, म्हणजे हंगामासाठी माणसे जमवताना, ते आधी बघत की कुणाला साप-विंचू उतरवता येतो, कुणाच्या बायकोला बाळंतपण करता येते. "तोडणारं कुणीबी मिळतं. आजारी पडल्यावर उशाशी बसणारं आदी पायजे," ते म्हणाले.

आणि प्रत्येक पत्ता त्यांना दोन हवा होता. सोनेरी काठाचा एकही त्यांनी घेतला नाही. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची. एकटा आलेला माणूस अर्धा कोयता. त्याला दोन्ही कामे करावी लागतात आणि तो मागे पडतो. वडील टोळीत अर्धा कोयता घेत नसत. तीस पत्ते म्हटल्याबरोबर ते म्हणाले होते, "म्हंजी पंदरा कोयते."

शेवटी मी मोठ्या पत्त्यावर आलो. काळा, वेटोळे घातलेला प्रचंड साप. दहाव्या फेरीनंतर टाकता येतो आणि दोन-तीन फेऱ्यांत डाव संपवतो. माझ्याकडच्या पत्त्यांत तो सगळ्यात चांगला होता. काठ सोनेरी.

"अजगर," वडील म्हणाले. "कितीक हायत?"

"एकच घेता येतो."

"मंग न्हाई."

"आबा, ह्याच्याशिवाय जिंकणार कसे? नुसतं अडवून कुणी जिंकत नाही."

"येकटा हाय त्यो. अर्धा कोयता."

"हा पत्ता आहे. ह्याला मोळी बांधायची नाही."

"तरीबी न्हाई."

मी सोडून दिले. सवयीचा भाग आहे, असे मी समजलो. उरलेल्या दोन जागांवर, सुईवालीची जोडी आधीच असताना, जखमा भरणारी आणखी एक जोडी आली. डेक तीसचा झाला. पंधरा जोड्या, मोठा पत्ता नाही. असा डेक मी कुणाकडेही पाहिलेला नव्हता. त्यात अडचण उघड होती. संचातले तीस पत्ते संपले की त्या खेळात दर फेरीला आपोआप जीव जाऊ लागतात. आधी एक, मग दोन, मग तीन. म्हणजे हा डेक फार तर शेवटपर्यंत टिकला असता आणि मग आपसूक हरला असता. हे मी समजावून सांगितले.

"कारखान्याचा पट्टा पडल्यावर टोळी घरीच येती," वडील म्हणाले. हंगाम संपण्याला आमच्याकडे पट्टा पडणे म्हणतात. "तवरोक तर चालंल ना?"

"चालेल."

नोंदीप्रमाणे त्या आठवड्यातले डाव नऊ, बारा, अकरा आणि सोळा मिनिटांचे आहेत. सगळे हरलेले. पुढच्या आठवड्यात दोन डाव वीस मिनिटांवर गेले.

मग मी एक चूक केली. घटस्थापनेच्या आधीच्या मंगळवारी वडील देवळात गेले असताना मी मोबाइल घेतला, बांधाची जोडी काढली आणि तिथे अजगर आणि आणखी एक मोठा पत्ता घातला. इतके डाव हरलेला माणूस एकदा तरी जिंकावा, एवढाच हेतू होता. त्यांना सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास वडिलांचा फोन आला. मी कार्यालयात पान लावत होतो.

"तू ह्यात काय घातलंस?"

"अजगर. का, आला का हातात?"

"आला. मला वाटलं दुसराच हाय. टाकला."

"मग?"

"जितलो."

मी अभिनंदन केले.

"किती मिनिटांत?" मी विचारले.

"तेरा का चौदा. ती गेली ना मंग." मग म्हणाले, "आजून लई पत्ते व्हते तिच्या हातात. धा मिनटं तर बसली आसती."

समोर पानावर दोन बातम्यांना मथळे द्यायचे राहिले होते. मी ते ठेवून बाहेर जिन्यात आलो.

"आबा, तुम्ही त्याच्यासाठी अजगर नको म्हणालात?"

"अर्धा कोयताबी हायच की त्यो," वडील म्हणाले. "काढ त्याला."

पुढच्या मंगळवारपर्यंत ते थांबले नाहीत. गावातल्या किराणा दुकानाच्या पोरीला, ती अकरावीत आहे, बोलावून त्यांनी दोन्ही मोठे पत्ते काढले आणि बांध परत बसवला. त्यानंतर मी त्यांच्या डेकला हात लावला नाही. ते विचारतील तेव्हा पत्ता वाचून दाखवायचो, इतकेच.

दसऱ्यानंतरच्या नोंदीत एक गोष्ट दिसते, ती मला उशिरा दिसली. डाव वीस मिनिटांवरून पंचवीसवर गेले, मग तीसवर. वडिलांच्या डेकमध्ये तेवढ्या काळात एक जोडी बदलली होती. तेवढ्याने इतका फरक पडत नाही. दोन्ही बाजूंनी डाव लांबत होता. बहिणीने तिचा घाईचा डेक सोडला होता. तीही आता संथ खेळत होती.

दिवाळीच्या आठ दिवस आधी सकाळी तिचा फोन आला. दिवाळीला रजा नाही, येणार नाही, हे सांगून झाले. मग म्हणाली, "तुझा डेक कुणी भरला?"

"मीच."

"तुझ्यात तेवढा दम नाही. तू चौथ्या फेरीला अंगावर येतोस आणि सहाव्याला मरतोस. लहानपणापासून असाच आहेस."

मी हसलो. ती हसली नाही.

"एकही सुटा पत्ता नाही त्यात," ती म्हणाली. "मी मोजलेत. सगळे जोडीनं आहेत. शेवटी मारायला काही ठेवलेलं नाही. टोळी भरल्यासारखा भरलाय."

मी कबूल केले. कधी कळले, असे विचारले.

"तू नाहीस हे तिसऱ्याच डावात. तू पत्ता टाकताना विचार करत नाहीस. कोण आहे ते डेक बदलल्यावर."

"दोन महिने होत आले. मग खेळत का राहिलीस?"

"चहाची सुट्टी असते. बसून काय करू?"

थोड्या वेळाने तिने जे सांगितले ते मी त्याच दिवशी लिहून ठेवले होते. त्या खेळात समोरच्याने पत्ता उचलला की तो आपल्याला दिसतो. पाठीकडून, पण उचललेला दिसतो. पटावर येताना हलतो, अडखळतो, परत जातो. बहीण ते बघत होती. पोळ्याच्या वेळी एक पत्ता हातातून पटावर यायला वीस-बावीस सेकंद लागत आणि मध्ये तो दोन-तीनदा सुटत असे. नवरात्रात बारा-तेरा लागू लागले. आता सात-आठ लागतात आणि पत्ता सुटत नाही. तिच्याकडे वॉर्डातल्या औषधांची वही असते, तिच्या मागच्या पानावर तिने हे लिहिले होते.

"अंगठा अजून पूर्ण येत नाहीये त्यांचा," ती म्हणाली. "पत्ता डावीकडे नेताना कळतं. आईला सांग, ओलं फडकं पिळायला लाव म्हणावं रोज. चेंडू देऊ नका, ते दाबणार नाहीत."

"त्यांना सांगू का, तुला कळलंय म्हणून?"

"नको."

मी सांगितले नाही. आईला फडक्याचे सांगितले. आई म्हणाली, "त्ये मी सांगितलं तर म्हणतेल बाईचं काम हाय. तिनं सांगितलं म्हणू का?" मी नको म्हणालो. आईने मग पिळायचे धुणे ओट्यावर आणून त्यांच्यापुढे ठेवायला सुरुवात केली आणि स्वतः पाठ दुखते म्हणून बसून राहिली. ती पाठ कधीच दुखत नव्हती, हे आईने नंतर सांगितले.

नोव्हेंबरात गावातल्या टोळ्या निघून गेल्या. माजलगावकडे काही, बाकीच्या घाटाखाली, काही कर्नाटकात. गाव अर्धे रिकामे झाले. वडील दर वर्षी या दिवसांत अस्वस्थ असतात, तसे यंदा नव्हते, असे आईचे म्हणणे आहे. साडेतीनचा डाव चुकला असेल तो बहिणीची पाळी बदलली तेव्हाच. एरवी रोज आहे. सर्वांत लांब डाव अडतीस मिनिटांचा आहे. तो दोघांचेही पत्ते संपून, दोघांचेही जीव आपोआप जात जात संपला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खेळ चालवणाऱ्यांनी जुने काही पत्ते बंद केले. नवे पत्ते खपावेत म्हणून ते वर्षातून एकदा असे करतात. वडिलांच्या डेकमधल्या दोन जोड्या गेल्या, सुईवाली आणि बांध. चार पत्ते करडे पडले. डेक सव्वीसचा झाला आणि सव्वीसच्या डेकने खेळता येत नाही. किराणा दुकानाची पोरगी सहलीला गेली होती. वडिलांनी मला फोन केला. आमच्याकडे निवडणुकीची धामधूम होती, त्या आठवड्याची माझी सुट्टी रद्द झालेली. पुढच्या मंगळवारी येतो, असे मी म्हणालो.

तीन दिवस डाव झाला नाही. नोंद कोरी आहे.

चौथ्या दिवशी बहिणीने आईला दोनदा फोन लावला. आई कापूस वेचायला रानात गेली होती आणि तिचा फोन घरात खुंटीला अडकवलेल्या पिशवीत होता. मला लावला, मी बैठकीत होतो. तीन वाजून चौतीस मिनिटांनी तिने वडिलांच्या फोनवर फोन केला. वडिलांकडे बोलण्यापुरता बटणांचा साधा फोन आहे. त्यात तिचा नंबर होता, तो मीच कधीतरी घातला होता.

पहिली दोन वाक्ये बहिणीकडून कळलेली आहेत.

ती म्हणाली, "तीन दिवस पत्ते का टाकले नाहीत?"

वडील म्हणाले, "चार पत्ते काळे पडलेत."

यानंतर लगेच काय झाले हे दोघेही सांगत नाहीत. आई कापसाचे गाठोडे घेऊन परतली तेव्हा साधा फोन ओट्यावर, आवाज मोठा करून ठेवलेला होता आणि वडिलांच्या हातात माझा जुना मोबाइल होता. त्यांना इंग्रजी वाचता येत नसल्याने ते चित्र सांगत होते आणि बहीण तिच्या मोबाइलवर तो पत्ता शोधून त्याचे काम सांगत होती. आई गाठोडे खाली न ठेवता दारातच थांबली. पुढचे तिने ऐकलेले आहे.

"बाई हाय. हातात कंदील."

"निळी साडी नेसल्यासारखी? ती घ्या. सहा जीव भरते."

"सुईवाली पाच भरायची."

"म्हणूनच म्हणतेय घ्या."

"जोडी हाय का तिची?"

"आहे. खाली आकडा बघा, दोन दिसतोय का?"

"दोन हाय."

"मग दोन्ही ओढा. डावीकडे न्या. अंगठ्यानं."

वडिलांनी दोन्ही ओढले. त्याला वेळ लागला. बहीण थांबली.

"आता आडवा उभा राहणारा पाहिजे एक," ती म्हणाली. "पुढच्या पानावर जा."

"दगडाचा माणूस हाय. पाठीवर झाड उगवलंय."

"तो कुणाला मारत नाही. नुसता उभा राहतो."

"ह्योच पायजे."

"मला माहीत होतं."

यावर आई दारात हसली आणि वडिलांनी हाताने तिला गप्प राहायला सांगितले. त्यांनी दगडाच्या माणसाचा पहिला पत्ता ओढून डेकमध्ये टाकला. दुसरा ओढला नाही. मोबाइल मांडीवर ठेवला.

मग ते म्हणाले, "तुझं नववीचं वरीस मी घालवलं. मी न्हाई शिकवली तुला. तू शिकलीस."

हे वाक्य आईने मला सांगितले. मी ते बहिणीला विचारून घेतले. शब्द हेच होते, असे ती म्हणाली.

बहिणीच्या सांगण्याप्रमाणे तिने यावर, "किती झाले मोजा," असे म्हटले. आईच्या सांगण्याप्रमाणे ती आधी बराच वेळ बोलली नाही, इतका की फोन कटला असे समजून वडिलांनी तो उचलून कानाला लावला आणि मग परत खाली ठेवला. दोघींचे सांगणे एकमेकींच्या विरोधात नाही.

वडिलांनी मोजले.

"येकुणतीस."

"मग एक राहिलाय, आबा. टाका."

वडिलांनी तो टाकला. फोन चार वाजून सात मिनिटांनी बंद झाला. तो तेहतीस मिनिटे चालला होता. ही वेळ दोन्ही फोनमध्ये सारखीच आहे.